आत्याचं ड्रायरशी वैर

आमच्या आत्याइतकी संतापी बाई अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी दुसरी सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. बरं, हा संताप चारचौघांसारखा इकडेतिकडे वाटलेला नव्हता. महागाई वाढली, नळाला चार दिवस पाणी आलं नाही, शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं तिची चप्पल पळवली, तरी तिच्या कपाळावर आठी दिसायची नाही. पण कुणी ओल्या केसांना गरम हवा लावली की तिच्या अंगाचा तिळपापड झालाच म्हणून समजा. एकदा ती अकोल्याला आमच्याकडे आली होती, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधून ड्रायरचा आवाज ऐकू आला. हातातला चहा तसाच ठेवून ही बाई, ओळख ना पाळख, थेट त्यांच्या बेडरूममध्ये! "काहून व? बाहेर एवढं ऊन तापून राह्यलं, आख्खी मिरची एका दिवसात कडक वाळते, अन तुह्या केसायले मशीन पाह्यजे?" ती मुलगी अजूनही मी जिन्यात दिसले की आधी डोक्यावर ओढणी घेते.

आत्यानं सगळी नोकरी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवण्यात घालवली. त्यामुळे तिला माणसाच्या डोक्यावर केस दिसतच नसत, कापड दिसे. बारीक, विरळ केस म्हणजे मलमल. सरळसोट म्हणजे सिल्क. जरा लाटा असलेले म्हणजे क्रेप, आणि कुरळे म्हणजे लोकर. प्रत्येक कापड वाळवण्याची रीत वेगळी, आणि ती मोडणाऱ्याला क्षमा नाही. मलमलवाल्यांनी मान खाली घालून मुळाशी बोटं फिरवत वाळवायचे, नाहीतर केस टाळूला चिकटून बसतात. सिल्कवाल्यांनी टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, रुंद दातांची लाकडी फणी एकदा फिरवायची आणि गप्प बसायचं. क्रेपवाल्यांनी अर्धवट ओले असताना सैल वेणी घालायची किंवा जुन्या साडीच्या चिंध्यांवर बटा गुंडाळून ठेवायच्या. तेल्हाऱ्याच्या एसटीत तिनं एकदा पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईच्या वेणीचं टोक दोन बोटांत धरलं आणि खडसावलं, "क्रेप हाय. न्हाल्याबरोबर घट्ट बांधता ना? म्हनून वास येते." मी खिडकीबाहेर बघत ही बाई माझी कुणी नव्हेच असा चेहरा केला. पण अकोला येईपर्यंत त्या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या गप्पा मारत होत्या.

माझे केस लोकर. त्यामुळे लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत सगळ्यात जास्त छळ माझा झाला. आत्या सकाळी जवस उकळायची, त्याचा बुळबुळीत चीक जुन्या धोतरातून गाळायची आणि माझ्या ओल्या डोक्यावर थापायची. मग आतोबांच्या जुन्या बनियननं केस खालून वर दाबत दाबत पाणी टिपायची. पिळायचं नाही, चोळायचं नाही. "लोकर कोनी पिळते का व?" नंतर गच्चीच्या जिन्यापाशी सावलीत बसवायची. उन्हात बसायला बंदी, ऊन पापडांसाठी. हलले की गुडघ्यावर फूटपट्टी. चुलत बहिणी खाली आंबे खात असायच्या आणि मी वर दोन-दोन तास मूर्तीसारखी बसून आत्याला मनातल्या मनात शिव्या घालायची. शिव्या संपायच्या, केस वाळायचे नाहीत. पण एकदा वाळले, की माझ्या खांद्यावर अशी काही गोल गोल वेटोळी उतरायची की मी दिवसभर आरशासमोरून हलायची नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

लग्नानंतर मी केस सरळ करायला लागले. सासरी सगळे सिल्क, त्यांच्यात माझं डोकं उठून दिसायचं, म्हणून. आत्यानं मला त्यावरून पंचवीस वर्षं फाडून खाल्लं. दिवाळीला, बारशाला, कुणाच्या तेराव्यालासुद्धा. "डोक्याले इस्तरी करते, अन म्हने मी ब्यांकेत हाय!" मीही चिडायची. केस माझे, डोकं माझं, तुझं काय जातं? पण माझी लेक डिट्टो माझी लोकर घेऊन जन्मली, आणि तिच्या बाबतीत आत्यानं मला पहिल्याच दिवशी दम भरला, की या पोट्टीच्या डोक्याला गरम काही लागलं तर तुझं-माझं नातं संपलं. लेक मात्र या आत्याआजीची लाडकी. आम्ही सगळ्या जिला घाबरायचो तिच्या मांडीवर ही तासन्‌तास जवसाचा चीक लावून हसत बसायची.

लेकीचं लग्न ठरलं धामणगाव रेल्वेच्या घरात. लग्नाच्या आठ दिवस आधी विहीणबाईंचा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, "रिसेप्शनले तिचे केस सरळ करून घेता का? फोटोत मोठे दिसतात." मी लगेच "हो हो, करू की," म्हणून मोकळी झाले. लेकीला विचारलंसुद्धा नाही. लेकीनं मात्र आत्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की रिसेप्शनला माझे केस तूच करायचे, मला माझेच केस पाहिजेत. आत्या चिंध्या, फणी आणि बाटलीभर चीक घेऊन अमरावतीहून आली. तिचे खांदे तेव्हाच दुखायला लागले होते, पण तिनं दुपारी दोन तास उभं राहून लेकीची एकेक बट वळवली. मग मीच तिला म्हटलं, आता खाली जाऊन जेव.

मे महिना, हॉलच्या वर गच्चीला लागून असलेली वधूची खोली, छताला पत्रा. लेक घामानं निथळत होती. मला तिची दया आली आणि मी कोपऱ्यातला कूलर ओढून तिच्या डोक्याकडे वळवला. वऱ्हाडात जन्म काढलेली बाई मी! खसाच्या ताट्यांतून येणारी हवा पाणी घेऊन येते, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तासाभरानं आत्या वर आली आणि तिनं एक बट दाबून पाहिली. बोटांना पाणी लागलं. तिनं कूलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खालच्या मांडवातले वाजंत्री थांबतील असा आवाज काढला. तेवढ्यात मेकअपसाठी सांगितलेली पार्लरवाली आपली पेटी घेऊन दारात हजर. पाच वाजले होते, रिसेप्शन सातला.

"गच्चीवर घेऊन चाल," आत्या म्हणाली. "सावलीत, वाऱ्यात. एका घंट्यात होते. मी उभी राह्यतो तिच्यापाशी."

वेळ होता. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर आज स्वतःचा इतका राग येतो. पण माझ्या डोळ्यांसमोर विहीणबाई आल्या, त्यांचे पाहुणे आले, त्यांचा तो फोटो आला. मी म्हटलं, "राहू दे आत्या," आणि पार्लरवालीला केस सरळ करायची खूण केली. लेक आरशातून माझ्याकडे बघत होती. पार्लरवालीला घाई, केस आतून ओले, आणि तिनं तापलेला चिमटा पुढच्या बटेवर दाबला. चर्र झालं आणि करपल्याचा वास खोलीभर पसरला. आत्या ओरडेल म्हणून मी खांदे आवळून उभी राहिले. ती ओरडली नाही. चिंध्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि मला एवढंच म्हणाली, "तुले भेव कोनाचं वाटलं व?" मग ती बसस्टँडवर गेली. रिसेप्शनच्या एकाही फोटोत ती नाही.

लेकीचे पुढचे केस पंधरा दिवसांत तुटून दोन बोटं उरले. फोनवर ती एकदाच म्हणाली, "आई, मी थांबायला तयार होते." आणि विहीणबाई? त्यांना मी पुढे कधीतरी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अवो, मी तं सहज म्हटलं होतं." सहज! मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. आत्यानं त्यानंतर माझा एकही फोन उचलला नाही. मीही मग हट्टाला पेटले. केसांवरून सख्ख्या भाचीशी असं वागायचं, ही काय तऱ्हा झाली, असं मी आठ महिने येईल त्याला सांगत राहिले.

मग अमरावतीहून तिच्या शेजारणीचा फोन आला. आत्याचे दोन्ही खांदे धरले होते, हात कानाच्या वर जात नव्हते. तीन आठवडे डोक्यावरून पाणी नाही. शेजारणीची सून मदतीला गेली होती, पण जाताना ड्रायर घेऊन गेली, त्यामुळे तिला दारातूनच हाकललेलं. मी सकाळच्या गाडीनं गेले. आत्यानं दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "पानी तापून हाय. कोमट पाह्यजे, कढत नाई."

मी तिला न्हाऊ घातलं. आंघोळभर तिनं मला शिव्या दिल्या. शिकेकाई फार, पाणी कमी, नखं लागतात, ब्यांकेत हेच शिकवतात का. मग मी तिला गच्चीवर सावलीत खुर्ची दिली आणि मागे उभी राहून सुती कापडानं एकेक पदर टिपला. पांढरे, विरळ, मुठीत मावतील एवढे केस उरले होते. वारा चांगला होता.

"पोट्टीचे समोरचे आले का?" तिनं समोर बघतच विचारलं.

"येऊन राह्यले. नाकापर्यंत आलेत."

"हं," ती म्हणाली. मला माफी मागायची होती. बसमध्ये सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, पण मी नुसती तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिले. एवढेसे केस ते, दहा मिनिटांत कोरडे खडखडीत झाले. मी कापड घडी करून खाली ठेवायला लागले.

"कुठी चालली?" आत्या म्हणाली. "ओले हायेत अजून. बस."

मी तिच्यामागे पायरीवर बसले, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून होतो.