गोष्टी रिपेअर करायची खोली

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. फळ्याखाली खडूचा भुगा जमते, तसे जमतात. मी रोज झाडतो, अन् रोज तेवढाच असते.

आमच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर कथा-कविता लिहायचं एम.ए. आहे. खरंच आहे! दोन वर्षांचं. मी ती खोली उघडतो, पाणी भरतो. पोरं मले मामा म्हणतात. मी शाळेत गेलो नाही. अक्षरं मले याच पोरांनी मधल्या सुट्टीत शिकवली. म्हणून यात काही चुकलं असन तर त्यायले बोला!

*

सुरुवातीले नोटीस लागली, 'सोमवारी अकरा वाजता वर्कशॉप.' एकानं मले ती वाचून दाखवली. मी समजदार माणूस. टेबल बाजूले सारले, खाली जुनी गोणपाटं अंथरली. फरशीवर ऑइल नको सांडाले!

शिकवणाऱ्या मॅडम दारातच थांबल्या. "मामा, हे काहून?"

"गाडी खोलणार ना, मॅडम?"

मॅडम हसल्या नाहीत. चप्पल काढली, गोणपाटावर बसल्या. म्हणे, "गाडी नाही, गोष्ट खोलून राहिलो आपण. पण बैठक झकास केली तुम्ही."

तेव्हापासून वर्कशॉप खालीच बसून होते. एकदा बाहेरचे साहेब पाहायले आले. विचारलं, "ही कोणती पद्धत?"

मॅडम म्हणे, "मामांची!"

*

वर्कशॉपचा कायदा कडक. ज्याची गोष्ट वाचली त्यानं तासभर तोंड उघडायचं नाही. बाकीचे बोलतील, यानं ऐकायचं.

करुणाले हे जमेच ना. सक्करदऱ्याची पोरगी. बाप नाही, आई लग्नाच्या ऑर्डरीच्या पोळ्या लाटते. काकानं बजावून ठेवलं होतं, "एकही विषय अडकला, तर प्रताप नगरात साडीच्या दुकानात उभं राहायचं." म्हणून गोष्टीले कोणी बोट लावलं की करुणा भांडायलेच उठे.

एक दिवस तिनं माझ्याकडून पाणी घेतलं, घोट तोंडात धरला अन् बसली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. गाल टम्म! तेवढ्यात वर्गातला निलेश म्हणे, "करुणा, तुझा हिरो पान चौदावर मेला, अन् पान सोळावर चहा पिऊन राहिला."

सगळं पाणी मॅडमच्या हजेरीबुकावर!

मॅडमनं पदरानं हजेरी पुसली. "बोलली तं नाही ना? मग नियम पाळला तिनं."

*

हा निलेश धरमपेठेतला, बड्या घरचा. शर्टाची इस्त्री कधी मोडायची नाही. दुसऱ्या वर्षी सगळ्या पोरायले 'ऐकणे' नावाचा अख्खा पेपर होता. चारचौघांत बसायचं, लोकं बोलतात ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं.

निलेश तोच कडक शर्ट घालून, वही-पेन घेऊन भाजीबाजारात उभा राहिला. एका बाईनं पाहिलं अन् ओरडली, "पळा वं! अतिक्रमणवाला आला!"

पाच मिनिटांत अर्धा बाजार साफ. हा टोपल्यांच्या मागं धावते, "मी विद्यार्थी आहो, बाई! विद्यार्थी!"

मग लोकांनी त्याले जे काही ऐकवलं, ते त्यानं इमानदारीनं तीन पानं उतरवलं. मॅडमनं ते वर्गात वाचायले लावलं नाही. मार्क मात्र सगळ्यांत जास्त!

*

शेवटी राहते प्रबंध. आपलीच गोष्ट, शंभर पानं. तो पास तर एम.ए., नाही तर करुणा साडीच्या दुकानात.

तिनं आईवर लिहिलं. मॅडमनं वाचलं अन् म्हटलं, "तुझी आई तुले हाक कशी मारते?"

"'इकडं ये वं' म्हणते."

"मग इथं 'इकडे ये गं' म्हणणारी कोण?"

करुणा बिचकली. "मॅडम, ते... पुस्तकातली आई आहे."

"ती राहू दे. घरची आण."

पोरीनं शंभरच्या शंभर पानं फिरून लिहिली. मॅडमनं प्रत्येक पान वाचलं. मी चहा नेला की दोघीही वर पाहायच्या नाहीत. असं शिकवणं मी पाहिलं नव्हतं, अन् असं शिकणंही नाही.

*

परीक्षेले बाहेरून एक म्हातारे सर आले. त्यायच्यासमोर प्रबंधातलं वाचून दाखवायचं होतं. घरच्यांले यायची परवानगी होती. करुणाची आई आली, सगळ्यांले जयभीम केला अन् मागच्या खुर्चीवर पदर सावरून बसली.

करुणा वाचाले लागली. बाप गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी तीनशे पोळ्यांची ऑर्डर होती. आई पोळ्या लाटायले गेली. लाटता लाटता तिच्या डोळ्यातलं पाणी कणकीत पडत होतं...

"खोटं आहे वं ते!"

आई उभी राहिली होती. करुणा वाचता वाचता थांबली. सरांनी पेन खाली ठेवला.

"मी रडली नाही," आई म्हणे. "रडली असती तर कणीक सैल झाली असती."

 करुणानं पेन उघडला, एक ओळ खोडली, तिथं आईचंच बोलणं लिहिलं अन् पान सरांपुढं ठेवलं. सरांनी ते दोनदा वाचलं. मग मार्काचा कागद ओढला, आकडा लिहिला, सही केली. मॅडमनं आकडा पाहिला, "पास!" म्हटलं अन् करुणाच्या पाठीवर हात ठेवला.

सर उठून आईजवळ गेले. "बाई, ही गोष्ट लिहिली कोणी?"

"तिनंच लिहिली, साहेब," आई म्हणे. "सैल दिसली तिथं मी जरासं कोरडं पीठ लावलं."