खालचं टोक दिसेना

“मावशी, पित्तनलिका फुगलेली आहे, पण तिचं खालचं टोक मला दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले.

कोल्हापुरात सोनोग्राफी तेव्हा नवी होती. कागलहून आम्ही मोठ्या आशेने आलो होतो. अंधाऱ्या खोलीत पोटावर थंडगार जेली लावून आई पडलेली, आणि यंत्रासमोर बसलेला माणूस म्हणतो, दिसत नाही! मला त्यांचा रागच आला.

आईला महिनाभर कावीळ होती. मी घरातला पहिला पदवीधर, हायस्कुलात शास्त्र शिकवणारा. कावीळ म्हणजे विश्रांती, उसाचा रस आणि बिनतेलाचं जेवण, एवढं मला पाठ होतं. तेच मी करत राहिलो. अंग खाजवून तिने रक्त काढलं होतं. शौचाला मातकट पांढरी होत होती, हे मात्र तिने मला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी सरळ विचारलं तेव्हा कळलं.

“ल्योकाला काय सांगायचं असलं?” आई म्हणाली.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की काविळीत अंगाला खाज आणि पांढरी शौच ही दोन लक्षणं दिसली तर माझ्यासारखं रस पाजत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. बहुधा पित्ताची वाट अडलेली असते.

“वाट अडली आहे हे नक्की,” डॉक्टर मला म्हणाले. “खड्याने अडली की गाठीने, ते खालच्या टोकाशी कळेल. पण आतड्यातला वायू आड येतोय. अंदाजाने काहीतरी लिहून देता येईल, पण देणार नाही.”

गाठ म्हणजे कॅन्सर.

मग त्यांनी पाण्याचा तांब्या मागवला. सोनोग्राफीच्या लहरी वायूतून जात नाहीत, पाण्यातून जातात. पोट पाण्याने भरलं की त्यातून मागची नलिका दिसू शकते, असं त्यांनी समजावलं.

दुसऱ्या तांब्याला आई म्हणाली, “पावण्यांस्नी पाणी देत्यात, खरं हितं चहाचं नाव कोण काढंना की!”

“आधी खडा दाखवा, मग बघू,” डॉक्टर हसले.

कुशीवर वळा. उठून बसा. परत उजव्या कुशीवर. बाहेर पेशंट ताटकळत होते, पण त्यांनी घाई केली नाही.

“ताकागत घुसळाय लागलासा की मला!”

“हलू नका मावशी. श्वास धरा.”

पडद्यावरच्या करड्या भुरभुरीत एक पांढरा ठिपका आला, त्याच्यामागे काळी पट्टी. “खडा अशी सावली पाडतो. गाठ पाडत नाही,” ते म्हणाले. तो ठिपका मला नीट दिसलाही नाही. डोळे भरून आले होते.

पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. टी-ट्यूब, म्हणजे नलिकेतलं पित्त बाहेरच्या पिशवीत आणणारी रबरी नळी, काही दिवस होती. आईचे डोळे हळूहळू पांढरे झाले.

घरी निघताना आई म्हणाली, “त्या सोनोग्राफीवाल्या डाक्टरास्नी सांगाय नको व्हय?”

आम्ही गेलो. त्यांनी पहिलं विचारलं, “खडा कुठे निघाला?”

“अगदी खालच्या टोकाला.”

परदेशात आता दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी बसवून ती तोंडावाटे पोटात उतरवतात आणि नलिका जवळून बघतात, असं त्यांनी सांगितलं. मग वायू फारसा आड येत नाही. बोलताना त्यांचा चेहरा वर्गातल्या हुशार मुलासारखा उजळला होता.

मग त्यांनी तपासलेल्या पेशंटांची वही उघडून आईच्या नावापुढे खडा कुठे निघाला ते लिहिलं आणि म्हणाले, “ऑपरेशन झालं की लोक सर्जनच्या पाया पडतात, ते योग्यच आहे. पण इथून गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, माझं बरोबर होतं की चुकलं, हे सांगायला कुणी येत नाही.”

आईने त्यांच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

त्या वहीत आईच्या वर-खाली कितीतरी नावं होती. त्यांच्यापुढची जागा कोरी होती. ज्यांचा पेशंट बरा झाला आहे, त्यांनी एक दिवस एसटी पकडून तपासणाऱ्या डॉक्टरांना तेवढं सांगून यावं.