सतराव्या होलवरचे शेखलालभाई

विजापूर वेशीच्या शेखलाल नदाफांनी तीस वर्षं एसटी चालवली, पण गल्लीत त्यांना ड्रायव्हर म्हणून कुणी ओळखत नाही. ओळख एकच, कबुतरवाले. रोज सकाळी गच्चीवर जायचं, चाळीसेक कबुतरं सोडायची आणि ती ठिपका होऊन दिसेनाशी झाली तरी मान वर करून बघत राहायचं. दिसेनाशी बाकीच्यांना. शेखलालना ती दिसतच असायची. बायको मुमताज चहा घेऊन वर यायची आणि कप कठड्यावर आदळायची.

“आसमानकू देखते देखते बुड्ढे हो गए तुम. क्या मिला जी?”

खरंच काही मिळालं नव्हतं. मान तेवढी अधूनमधून धरायची.

आणि गेल्या हिवाळ्यात अक्कलकोट रस्त्याच्या माळावर नव्यानं झालेल्या गोल्फच्या मैदानावर व्यावसायिक खेळाडूंची चार दिवसांची स्पर्धा भरली. सोलापुरात गोल्फ! अर्ध्या शहराला तो हॉकीचाच चुलतभाऊ वाटत होता. मार्शल म्हणून फुकट राबणारी माणसं हवी होती आणि ‘नजर तेज हवी’ अशी अट होती. मुलगी सना हिनं ती वाचली आणि अब्बांना न विचारता त्यांचा फॉर्म भरून टाकला.

हिरवा टी-शर्ट, टोपी, गळ्यात बिल्ला, हातात लाल झेंडी. काम साधं. लोकांना दोरीबाहेर ठेवायचं, फटक्याच्या वेळी हात वर करून सगळ्यांना गप्प करायचं आणि चेंडू कुठं पडला ते झेंडीनं दाखवायचं. चेंडूला हात लावायचा नाही. शेखलालनी तो टी-शर्ट घालून वेशीपासून सात रस्ता चौकापर्यंत भेटेल त्याला ही बातमी दिली. त्यासाठी उगाच कामंही काढली.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. एक चेंडू उंच चढला, आभाळात क्षणभर थबकला आणि खाली यायला लागला. पाखरू उतरताना दिसलं की कबुतरवाल्याचा हात आपोआप तोंडाकडं जातो. शेखलालनी दोन बोटं जिभेखाली घातली आणि अशी सणसणीत शिट्टी ठोकली की शेजारच्या होलच्या पट्ट्यावर काठी उगारलेला खेळाडू दचकला. त्याचा चेंडू तळ्यात गेला.

मार्शलांचे प्रमुख नंदीश हत्तुरे लालबुंद होऊन धावत आले.

“चाचा, ही काय गड्ड्याची जत्रा हाय का? आता नुसतं खोकलासा जरी, तरी बिल्ला काढून घेतो बघा!”

त्यांनी शेखलालना अठरापैकी सतराव्या होलच्या पार टोकाला, उजव्या कडेला नेऊन उभं केलं. तिथं बघायला माणूस फिरकत नव्हता. बिल्ला गेला तर गल्लीत काय तोंड दाखवायचं या धास्तीनं दोन दिवस शेखलालनी शिंकसुद्धा गिळली. मुमताज काय म्हणेल ते तर त्यांना तोंडपाठ होतं.

शेवटचा दिवस उजाडला. शेवटून दुसऱ्या जोडीत चंदीगडचा एक खेळाडू होता, पहिल्या नंबरापेक्षा एकाच फटक्यानं मागं. सतराव्यावर त्यानं जोर लावून मारलं. चेंडू डावीकडं निघाला आणि उन्हात शिरला. तिथं सगळ्यांचे डोळे दिपले. खेळाडू, त्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी, पंच, सगळे डावीकडच्या बाभळींच्या झाडीत घुसले. नंदीशही तिकडंच धावले. तीन मिनिटांत चेंडू सापडला नाही तर तो हरवला असं धरतात आणि खेळाडूला जादा फटक्याचा भुर्दंड बसतो.

शेखलालना मात्र चेंडू दिसत होता. माळावरच्या वाऱ्यानं तो शेवटी उजवीकडं वळवला, त्यानं खडकावर एक टप्पा घेतला आणि तो तरवडाच्या झुडपात गेला. त्यांनी उजवीकडं झेंडी धरली. कुणी बघेना. ओरडावं तर हाकेच्या अंतरावर सोळाव्या होलवर शेवटची जोडी चेंडू छिद्रात ढकलायला वाकली होती. एक मिनिट गेलं. दीड गेलं.

मग ते चालायला लागले. नजर त्या झुडपावरून काढायची नाही, काढली की पाखरू गेलं, एवढंच त्यांना आयुष्यात पक्कं येत होतं. पाय खड्ड्यात गेला, चप्पल तुटली, काटा घुसला, पण त्यांनी खाली बघितलं नाही. झुडपाशी पोचून ते झेंडी डोक्यावर धरून उभे राहिले, आणि कॅडीनं चुकून मान वळवली.

सगळे पळत आले. पानांखाली पांढरा चेंडू होता, त्यावर खेळाडूनं ओळखीसाठी काढलेले दोन हिरवे ठिपके. पंचानं घड्याळ बघितलं. वीस सेकंद बाकी होती. खेळाडूनं शेखलालचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला आणि तिथूनच मारून भुर्दंड टाळला.

नंदीश धापा टाकत होते. “चाचा, कॅमेऱ्याला बी दिसलं न्हाय की हो! तुमाला कसं दिसलं?”

“कॅमेऱ्याची पापणी लवली आसंल,” शेखलाल म्हणाले.

पाठोपाठ शेवटची जोडी आली. तिच्याबरोबर दोरीपल्याड दोनेकशे माणसंही चालत आली. पहिल्या नंबरावरच्या खेळाडूनं फटका मारला, चेंडू उन्हात शिरला आणि गडप झाला. पण यावेळी झाडीकडं कुणी पळालं नाही. कॅडी थांबला, पंच थांबले, नंदीशनी हात वर करून गर्दीला गप्प केलं आणि सगळ्यांची तोंडं एका अनवाणी माणसाकडं वळली. शेखलालना इतका आनंद झाला की त्यांनी मुद्दाम दोन श्वास जास्त घेतले. मग झेंडी उचलली आणि निघाले, आणि तो सगळा लवाजमा मुकाट त्यांच्यामागं चालू लागला.