पक्षाचे अण्णा

मल्लिनाथअण्णांच्या प्रत्येक लेखाची पहिली ओळ ठरलेली असे : "मी अमुक पक्षाचा सभासद आहे, हे ध्यानात ठेवून पुढे वाचावे." पक्षाचं नाव ते ठळक अक्षरात लिहीत. सोलापुरातल्या एका छोट्या दैनिकात मी लेखांचं पान बघायची. ती ओळ मी दोनदा कापली. तिसऱ्या आठवड्यात अण्णा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. हडकुळे, काळेसावळे, कपाळावर विभूती, शर्टाच्या खिशात दोन पेनं.

"बाई, माझं कुंकू कशाला पुसताय?" म्हणाले.

"अण्णा, पेपर तटस्थ असतो."

"पेपर आसंल. मी न्हाय. तटस्थ माणूस मतदानाला जातो तवा काय डोळं झाकून बटन दाबतो व्हय?"

त्यानंतर त्या ओळीला मी हात लावला नाही.

अण्णा मूळचे वळसंगचे. प्राथमिक शाळेत मास्तरकी करून निवृत्त झाले आणि शहरात मुलाकडे, शिवानंदकडे राहायला आले. कोणता आमदार खुर्चीसाठी कुठल्या गोटात गेला, आज कोण कुणाच्या गळ्यात पडलाय, यावर ते दर आठवड्याला लिहायचे आणि विरोधकांची सालटी काढायचे. पण त्यांच्या सभांनाही जायचे. पहिल्या रांगेत वही उघडून बसत, अन् समोरचा जे बोलला ते शब्दाला शब्द उतरवून घेत. "शिव्या द्यायच्या तर त्याच्या खऱ्या बोलन्याला द्याव्या," म्हणायचे. "आपन रचलेल्या बोलन्याला शिव्या देनं म्हंजे आरशाला शिव्या देनं."

मग विधानसभेची निवडणूक आली. विरोधी पक्षाने एका बाईंना उमेदवारी दिली होती. अण्णांनी त्यांच्यावर सलग चार लेख लिहिले, चारही तिखटजाळ. प्रचार संपायला दोन दिवस उरले असताना सगळ्यांच्या मोबाइलवर एक क्लिप फिरू लागली. बाई माइकवर म्हणतायत, "वळसंगला पाणी देऊन काय उपयोग? मतं तर ते तिकडंच देतात." बस्स, एवढंच. दुपारपर्यंत वळसंगात त्यांचे फलक फाडले गेले. अण्णांच्या सख्ख्या भावानेही ती क्लिप अण्णांना पाठवली.

पाचच्या सुमारास अण्णा ऑफिसात आले. घामाघूम. हातात सभेची वही होती.

"पोरी, ही बाई आसं बोलली न्हाय. मी समोर बसलो हुतो." त्यांनी वाचून दाखवलं : "काही लोक मला सांगतात, वळसंगला पाणी देऊन काय उपयोग, मतं तर ते तिकडंच देतात. मी म्हणते, मत कुणालाबी द्या, पाणी सगळ्यांना." अण्णांनी वही मिटली. "म्होरलं कापलंय, मागलं कापलंय. अन् कापनारी आमचीच मानसं हायत. मी प्रचार कार्यालयात इचारून आलो. हसली माझ्यावर."

लेख त्यांनी लिहूनच आणला होता. पहिली ओळ नेहमीचीच. खाली सगळा प्रकार, आणि शेवटी : "खोटं बोलून जिंकलेली जागा पाच वर्षं खोटंच बोलायला लावते. माझ्या पक्षाने ही क्लिप मागे घ्यावी."

संपादक लग्नासाठी परगावी गेलेले, त्यांचा फोन लागेना. सातला पान छपाईला सोडायचं होतं. आणि शिवानंद अण्णांच्याच पक्षाच्या एका पुढाऱ्याच्या कॉलेजात कंत्राटावर शिकवत होता, हे मला ठाऊक होतं.

"अण्णा, शिवानंदला विचारलंत?"

ते खुर्चीत बसले. "न्हाय इचारलं. इचारलं तर तो नको म्हनंल. अन् मग माझ्यानं व्हनार न्हाय."

मी आमच्या वळसंगच्या वार्ताहराला फोन लावला. त्याच्याकडे सभेचं अख्खं रेकॉर्डिंग होतं. ते येईपर्यंत अर्धा तास गेला. आम्ही दोघं मोबाइलकडे बघत बसलो. रेकॉर्डिंग आलं. ते वाक्य मी तीनदा ऐकलं. वहीतल्याशी अक्षर न् अक्षर जुळत होतं. सातला पाच कमी असताना मी पान सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. गद्दार, विकला गेलेला म्हातारा, किती घेतले. संपादक परत आले, माझ्यावर ओरडले, मग रेकॉर्डिंग ऐकून आपल्या खोलीत निघून गेले. मतदानाच्या दिवशी मी अण्णांच्या घरी गेले. पक्षाच्या बूथवर दर निवडणुकीला चिठ्ठ्या वाटायला बसणारे अण्णा दाराशी बसून होते. त्यांना येऊ नका म्हणून निरोप आला होता. बोटाला शाई होती.

"मत कुणाला दिलंत?" मी विचारलं.

"आमालाच की." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

निकालापर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले कोण जाणे. रोज फोन करायचे. "पोरी, थोडक्यात पडलो तर माझ्यामुळंच म्हनतील." तसंच झालं. अण्णांच्या पक्षाचा उमेदवार थोडक्या मतांनी पडला.

त्या आठवड्यात निवडून आलेल्या बाई शाल-श्रीफळ घेऊन अण्णांच्या दारात आल्या. मागे फोटोवाला. अण्णांनी त्यांना बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि शाल मात्र घडी न मोडता परत केली. "ही घेतली तर मी तुमचा झालो, ताई. मी तुमच्या इरोधात मत दिलंय." बाईंनी फोटोवाल्याला बाहेर पाठवलं आणि चहा पिऊन गेल्या. पुढच्या आठवड्याच्या लेखात अण्णांनी त्यांच्या पहिल्याच निर्णयाला झोडपलं.

शिवानंदचं कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. तो पुण्याला एका खासगी शिकवणीत लागला. सून-नातू इथेच राहिले. बापाशी तो कामापुरतं बोलायचा. अण्णांचं लिहिणं हळूहळू कमी झालं आणि एक दिवस थांबलं.

गेल्या वर्षी ते दवाखान्यात होते तेव्हा मी भेटायला गेले. शिवानंद पुण्याहून आला होता, औषधं आणायला खाली उतरला होता. अण्णांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"पोराचं नुकसान केलं मी. लई नुकसान केलं. रोज तेच ध्यानात येतंय."

त्यांनी माझं मनगट धरलं. डोळ्यांत भीतीच होती, आजाराची नव्हे.

"पन ती बाई तसं बोलली नव्हती. नव्हती न्हवं? तू बी ऐकलंस की."

"नव्हती, अण्णा. मी तीनदा ऐकलं."

जिन्यावर शिवानंदची पावलं वाजली. अण्णांनी मनगट सोडलं, दाराकडे तोंड केलं आणि मुलगा आत येताच त्याला म्हणाले, "बस. दमला आसशील."

शिवानंद औषधाची पिशवी ठेवून त्यांच्या पायाशी बसला.