विळा घासायच्या दगडापाशी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहा संपवून उठणारा मी माणूस. आयुष्यभर हिशेबाची नोकरी केली. दोनदा तपासून जुळतं तेच खरं मानलं. त्यामुळे हे लिहिणं जिवावर आलंय... आणि खरं सांगतो, या प्रकरणात भीतीपेक्षा मला किळस जास्त आली.

आमचं गाव डिंगोरे, तालुका जुन्नर. बिबट्याला इकडे वाघच म्हणतात. वाघ दिसला की मोबाईलवर आमची साइट उघडायची, यादीतून शिवार निवडायचं, बटण दाबायचं — गावात सगळ्यांना मेसेज जातो. पीएचपी आणि डेटाबेस शिकून हे मीच बसवलं. सर्व्हर म्हणजे माझ्या पडवीतला जुना कॉम्प्युटर.

ओढ्याकडच्या शिवारात वसंतरावांचं कृषी पर्यटन आहे. सुट्ट्यांच्या तोंडावर ते घरी आले.

"राव, आमच्या शिवाराचा मेसेज आधी माझ्याकडं येऊ द्या. मी बघून सोडीन. पावणं निम्म्या वाटंतनं माघारी जात्यात."

"तिथं बाया गवताला जातात," मी म्हणालो.

"जाऊ द्या की. वाघ काय आज आलाय व्हय?"

बशीतला चहा भुरकत त्यांनी साइटचा कारभार बघणाऱ्या गावच्या समितीचा ठराव पुढे सरकवला. सगळ्यांच्या सह्या होत्या. साइट गावाची, समिती गावाची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डेटाबेस बंद करून बदलाला बसलो.

शेजारच्या कौसावहिनी विळा घेऊन निघाल्या होत्या. "भावजी, त्या डब्यात डोकं घालून बसा तुमी. म्हशीला टाकायला काय न्हाई, मी आले जाऊन."

बदल केला आणि सगळंच बिघडलं. आधी पान कोरं. मग 'डेटाबेसशी जोडणी नाही' ही एरर. पासवर्ड तपासला, स्क्रिप्ट ओळीओळीने वाचली... डेटाबेस काही सुरूच होईना.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. आमच्याच साइटच्या नावाने मेसेज — 'वाघ. विळा घासायच्या दगडापाशी.' आळीतले फोनही एकापाठोपाठ वाजले. समोर स्क्रीनवर एरर तशीच होती.

वहिनी गवताला तिकडेच गेलेल्या, मी ओढ्याकडे पळालो. वाटेत वहिनी भेटल्या, हात रिकामे. "दगड समोर दिसत व्हता वो, तवर फोन वाजला," एवढंच म्हणाल्या. काठ्या घेऊन माणसं जमली, वहिनींनी दाखवलं तसे पुढे गेलो. दगडाजवळ अर्धं खाल्लेलं कुत्रं, माश्या, तो ओला वास... आणि वारा नसताना हलणारा ऊस.

वसंतराव आले. वहिनींना काही विचारलं नाही. "कोनी सोडला मेसेज? माझं शनिवारचं बुकिंग गेलं का आता?" मग खिशातून फोन काढून कुत्र्याचे फोटो घेतले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या फाटकावर पाटी लागली: 'येथे वाघ हमखास दिसेल.' नारळ समितीनेच फोडला. कुत्र्याच्या वासाने मला ओकारी आली नव्हती. पाटी वाचून आली.

नंतर मी सगळं तपासलं. डेटाबेसमध्ये ती नोंद नाही. पुसलेली असती तर मधला क्रमांक गळाला असता. नंतरच्या नोंदीला लगतचाच क्रमांक मिळाला. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडची, आगाऊ पैसे भरून घेतलेल्या मेसेजची आमची शिल्लक एकानेही कमी झाली नाही. शिवाय आमच्या साइटवर शिवार निवडता येतं, जागा लिहिता येतच नाही. आणि तो दगड गवत कापणाऱ्या बायांनाच ठाऊक. मी स्वतः त्याचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. पुण्यातल्या ओळखीच्या इंजिनिअरने सगळं उलथंपालथं करून पाहिलं. म्हणाला, "काका, हे होऊ शकत नाही." तेवढं मलाही कळत होतं.

वसंतरावांचा बदल मी काढून टाकला. मेसेज मात्र फोनमध्ये ठेवलाय.

वहिनींनी एकदा विचारलं, "तुमीच धाडला ना?"

"नाही. मशीन बंद होतं."

"बंद कशापायी?"

ठरावासकट सगळं सांगितलं. कुणाकुणाच्या सह्या, तेही. त्यांनी विळा उचलला.

"मंग धाडनाराच तेवढा मानूस म्हनायचा," म्हणाल्या आणि गवताला गेल्या.