एका दाराशी तीन गुढ्या

पाडव्याची ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेच्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. शोभायात्रेच्या बंदोबस्ताची हजेरी घेतली, चहाचा कप तोंडाला लावतोय, तोच ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, मागच्या गल्लीत मारामारी हुईल असं दिसतंय. एका दारात तीन बिऱ्हाडं गुढ्या घिऊन हुबी हायत."

"शुद्धीवर आहेस ना?" मी म्हणालो आणि टोपी उचलली.

खरंच होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या बंद दारापुढे तीन काठ्या, तीन तांबे आणि तीन किल्ल्या. एकाही किल्लीनं कुलूप उघडेना. एक शिलाई करणाऱ्या विधवा बाई, एक रिक्षावाला आणि त्याची बायको, आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. तिघांनीही त्याच दोन खोल्या घेतल्या होत्या, निदान तसं त्यांना वाटत होतं. एकाच एजंटानं तिघांकडून विसार घेतला होता, ताब्याला पाडव्याचाच मुहूर्त सांगितला होता आणि आदल्या दिवसापासून फोन बंद करून बसला होता.

आता ही गल्ली कशी, ते सांगतो. समोरासमोरच्या खिडक्यांतून हात लांब केला तर मीठ-मिरची देता येते. कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कुठल्या सुनेनं आवाज चढवला, सगळं सगळ्यांना ठाऊक. आणि असल्या गल्लीत तीन घरांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार एकमेकांना पत्ता लागू न देता केला होता! मी कपाळाला हात लावला.

अर्थात मला बोलायला तोंड नव्हतंच. मी स्वतः फ्लॅटचा विसार दिला तेव्हा सख्ख्या भावाला दोन महिने सांगितलं नव्हतं. आपल्याकडे जागेचा व्यवहार पुरा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा रिवाजच आहे. कुणाची नजर लागेल, कुणी आडवं येईल, भाऊबंद कुरकुरतील. एजंटानं हा स्वभाव बरोबर हेरला होता. प्रत्येकाला तो दटावून सांगायचा, "गल्लीत चकार शब्द काढू नका. कळलं तर भाव चढंल."

सगळ्यात वाईट अवस्था शिलाईवाल्या बाईंची होती. त्या भाड्यानं राहत ती इमारत पाडायची ठरली होती आणि मालकानं मेअखेरची मुदत दिली होती. ठाण्यात फिर्याद लिहून घेताना त्या म्हणाल्या, "उपनगरात जावा म्हणत्यात समदी. तिथं माझ्याकडं ब्लाउज कोण टाकणार, साहेब? हितल्या बायकांची मापं माझ्या हातात बसल्यात. गल्ली सुटली तर पोट कशावर भरू?" नवऱ्याच्या अपघाताची भरपाई त्यांनी ह्या दोन खोल्यांत घातली होती. "लेकीलाबी न्हाय सांगितलं. मीच गेलो, मीच सही करून आलो," एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

बाईंच्या फिर्यादीवर गुन्हा नोंदवला. तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला, माणूस पन्हाळ्यावर एका लॉजमध्ये आहे. जेवणाच्या ताटावरून त्याला उचलून आणला.

एजंट बोलायला गोड. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, प्रत्येक वाक्याला "साहेब". खोल्यांचे मालक एक निवृत्त शिक्षक, हातकणंगल्याला लेकीकडे राहायचे. त्यांना खोल्या विकायच्या होत्याच, आणि गिऱ्हाईक शोधून विसार घ्यायचा लेखी अधिकार त्यांनी ह्याला दिला होता. एजंट तोच कागद पुढे करी. "एक व्यवहार फिसकटला, साहेब. दिवाणी बाब हाय. बाकी दोघांचं म्हणाल तर उद्यापातूर ती आपणहून मागं सरत्यात का न्हाय बघा."

आणि झालंही तसंच. दुकानदार येऊन म्हणाला, "आमचं आम्ही मिटवतो." रिक्षावाला फोनच उचलेना. कारण दोघांच्या दुखऱ्या नसा एजंटाला माहीत होत्या. दुकानदारानं भावांच्या पाठीमागं व्यवहार केला होता, रिक्षावाल्याच्या बायकोनं सासूचे दागिने गुपचूप गहाण टाकले होते. फिर्याद दिली तर हे घरी फुटेल, म्हणून दोघांनीही आपापली साठेखतं, म्हणजे विक्रीच्या कराराचे कागद, दाबून ठेवली. एक साठेखत म्हणजे मोडलेला व्यवहार, तीन साठेखतं म्हणजे उघड फसवणूक. ते दोन कागद मिळाले नाहीत तर बाई एकट्या पडणार होत्या आणि मे काही थांबणार नव्हता.

नोकरीभर मी प्रत्येकाचा जबाब वेगळा, बंद खोलीत घेत आलो. एकाचं दुसऱ्याला कळता कामा नये, हा आमचा नियम. त्या रात्री घरी जेवताना एकदम लक्षात आलं, अरे, एजंटाला हेच तर पाहिजे! त्याचा सगळा धंदाच बंद खोलीवर चाललाय. दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांना बोलावलं, ठाण्याच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसवलं आणि एजंटाला समोर उभा केला. लाजेनं कुणी मान वर करेना. रिक्षावाल्याची बायको तर पार भिंतीला खेटून बसली होती.

बाई उठल्या. म्हणाल्या, "मीच सांगतो पयलं. ह्यांच्या अपघाताचं पैसं आलं, ते मी ह्या बाबाच्या हातावर ठेवलं. लेकीला कळू दिलं न्हाय, तुम्हास्नी कळू दिलं न्हाय. मला वाटलं, तुम्ही जळशीला. आज मला माझीच लाज वाटतिया." आणि हुंदके देऊन रडू लागल्या.

मग रिक्षावाल्याची बायको ताडकन उठली. "दागिनं सासूबाईंचं हायत. आज घरी जाऊन पाय धरतो त्यांचं, काय हुईल ते हुईल!" पिशवीच्या तळातून तिनं साठेखत काढून माझ्यापुढं बाकावर आपटलं. दुकानदारानं कपाळाचा घाम पुसला, भावाला फोन लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, ठाण्यात ये. माझ्या हातून एक चूक झालीया." एवढ्यात दारात उभा असलेला गल्लीतला दूधवाला खाकरला. "साहेब, बाकावर अजून जागा हाय का? माझाबी विसार हाय." नाद खुळा! मी हसू आवरूच शकलो नाही, आणि मग व्हरांड्यातले सगळेच हसले.

दुकानदाराचा आणि दूधवाल्याचाही कागद आला, तशी चार साठेखतं एका ओळीत मांडली. तीच खोली, तोच मजला, सही एकाच हाताची. एजंटाचा चेहरा उतरला. चौकशीत सगळं कबूल केल्यावर तो म्हणाला ते मी विसरणार नाही. "साहेब, ह्यातल्या दोघांनी जरी एकमेकांस्नी सांगितलं असतं, तर मी पयल्या आठवड्यातच घावलो असतो."

त्याची खाती गोठवली. कोर्टाच्या आदेशानं पैसे परत मिळायला वर्ष गेलं, पण बहुतेक मिळाले. मे मात्र त्याआधीच आला. शिक्षक हातकणंगल्याहून आले ते रागारागानंच. बाईंची गोष्ट ऐकल्यावर त्यांचा राग निवळला. मग खिशातून खरी किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली. "तोवर भाड्यानं ऱ्हावा. पैसं सुटलं की खरेदी करू. घाई न्हाय." त्याच आठवड्यात गल्लीच्या तालमीत बैठक बसली. बाकी तिघांनी सगळ्यांसमोर त्या खोल्यांवरचा हक्क सोडला. कुणाची कुठली जागा विकायची आहे, तेही तिथंच उघड बोलणं झालं आणि रिक्षावाल्याला चार घरं सोडून एक खोली मिळाली.

माझी नोकरी अशा दाट वस्त्यांतच गेली. एवढी माणसं एवढ्या थोड्या जागेत म्हणजे पोलिसांच्या डोक्याला ताप, असं मी समजून चाललो होतो. ते चूक होतं. अशा गल्लीत घर घेणाऱ्याचं सगळ्यात भक्कम संरक्षण शेजारीच असतात, आम्ही नंतर येतो. मिळकत पत्रिका काढावी, वकिलाला कागद दाखवावेत, सगळं करावं. पण त्याआधी शेजारच्या दारात जाऊन सांगावं, मी ही जागा घेतोय.

खरेदीच्या दिवशी बाईंनी आग्रहानं मलाही बोलावलं. दस्त नोंदणीच्या कचेरीत गल्लीतली वीस-बावीस माणसं लोटली होती. कारकून वैतागला. "आवं पावणं, हितं काय लगीन हाय का? साक्षीदार दोनच लागत्यात!"

त्यावर कोण सही करणार म्हणून जो गलका झाला, तो बाईंनीच थांबवला. साक्षीदार म्हणून पहिली सही केली रिक्षावाल्याच्या बायकोनं आणि दुसरी किराणा दुकानदारानं.