पहिली गाठ बसेपर्यंत

"टेंडन तुटलेत," डॉक्टर म्हणाले. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. गिरणीत मागाच्या दातेरी चाकात माझा उजवा हात सापडला होता. मी एवढंच विचारलं, "मागावर कधी जाऊ?"

"आधी बोटं हलू देत."

ऑपरेशन झालं. प्लॅस्टरमधले दिवस मी सोलापूरच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालून काढले. गिरणीचा भोंगा ऐकला की पडवत नसे. माझ्या मागावर बदली कामगार उभा असेल, हेच डोक्यात.

प्लॅस्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी. याला स्टिफनेस म्हणतात, म्हणजे सांधे आखडणं. मग फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाचे उपचार. तिथल्या देशमुखबाई गरम मेणात हात बुडवून घेत, मग एकेक सांधा वाकवत. मला धीर कुठला? चौथ्याच दिवशी परस्पर गिरणी गाठली. जॉबरने, म्हणजे आमच्या मुकादमाने, धागा पुढे केला. तो चिमटीत धरवेना.

"हात हाय, पर पकड न्हाय," तो म्हणाला. "घरी जावा."

घरी रागाने मी बोटं इतकी ओढली की सकाळी हात भाकरीसारखा फुगला. बायको म्हणाली, "हात काय दावं हाय व्हय, असं हिसडाय?"

सुजलेला हात पाहून देशमुखबाई रागावल्या नाहीत. "मागावर तुमच्या बोटांना नेमकं काय करावं लागतं, ते दाखवा," म्हणाल्या. खरंच गिरणीत आल्या, त्या खडखडाटात तासभर उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मेणानंतर माझ्यापुढे सूत. नुसत्या गाठी मारायच्या. शिवाय गिरणीच्या साहेबांशी बोलून त्यांनी मला अर्धा दिवस कांड्या भरायच्या, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायच्या, खात्यात काम मिळवून दिलं.

तिथे सगळ्या बायका. मान वर करवत नव्हती. शेजारची नरसम्मा, घरी तेलुगू बोलणारी, म्हणाली, "लाजू नगा की. डाव्या हातानं धरा, उजव्यानं वळा."

पाच महिन्यांनी जॉबरने मला मागावर उभं केलं. धागा तुटला. पहिली गाठ सुटली, दुसरीही. त्याने माग बंदच ठेवला. "मारा तुमी. मी हाय हितं."

तिसरी बसली.

करंगळी आजही पुरती मिटत नाही. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना सांगतो, उपचार करणाऱ्याला आपलं काम दाखवा. बाईंनी, नरसम्माने, त्या जॉबरनेही मला वेळ दिला. मीच तेवढा स्वतःला तो देत नव्हतो.